साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून : विस्मरणात गेलेल्या मराठी गुन्हेनाट्यांचा आढावा

बारामती आणि इंदापूर यांच्या मधल्या पट्ट्यात कळस हे गाव आहे. एका अंगाला कारखान्यांचा ऊस, दुसऱ्या अंगाला चिंकारा फिरतात ते माळरान. गावात आज मोबाइलवर जगातली कुठलीही गुन्हेमालिका पाहता येते. कोरियाची, स्पेनची, मुंबईची. तरीही या भागातल्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसांपुढे रहस्यकथेचा विषय निघाला, की बोलणं ‘हॅलो इन्स्पेक्टर’वर जातं, ‘सामना’वर जातं, जत्रेतल्या तंबूत पाहिलेल्या एखाद्या कृष्णधवल चित्रपटावर जातं. मधल्या काळात ही नावं जवळजवळ कुणी घेत नव्हतं. आता यूट्यूबमुळे त्यातली काही पुन्हा दिसू लागली आहेत आणि त्याबरोबर एक जुना वादही वर आला आहे. या कलाकृतींचं आकर्षण नेमकं कशात आहे? गेलेल्या दिवसांच्या आठवणीत, त्यांच्या कारागिरीत, की त्यांनी टिपून ठेवलेल्या समाजात? या प्रश्नावर आजवर मांडल्या गेलेल्या भूमिका एकत्र पाहाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हद्द कुठे आखायची?

पहिली अडचण नावाचीच आहे. मराठीत ‘गुन्हेपट’ असा वेगळा कप्पा फारसा झालाच नाही. चित्रपट सामाजिक असतो, ग्रामीण असतो, विनोदी असतो, तमाशाप्रधान असतो. ज्याच्या केंद्रस्थानी खून, फसवणूक किंवा तपास आहे अशी कलाकृतीही यांपैकीच एखाद्या कप्प्यात जाऊन बसते. ‘सामना’ राजकीय चित्रपट म्हणून अभ्यासला जातो. ‘तो मी नव्हेच’ हे प्रभाकर पणशीकरांच्या अभिनयाचं नाटक म्हणून. ‘हा खेळ सावल्यांचा’ हा वसंत जोगळेकरांचा १९७६ चा चित्रपट हृदयनाथ मंगेशकरांच्या गाण्यांमुळे घरोघरी माहीत आहे, रहस्यपट म्हणून त्याची चर्चा क्वचितच होते. त्यामुळे ‘दुर्लक्षित’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ होतात. काही कलाकृती खरोखरच विसरल्या गेल्या. काही मात्र गाजल्या आणि गुन्हेकथा म्हणून दुर्लक्षित राहिल्या. या आढाव्यात दोन्ही धरल्या आहेत.

असं इतरत्रही घडलं आहे. अमेरिकेतल्या चाळिशीच्या दशकातल्या कमी खर्चाच्या गुन्हेपटांकडे तिथे करमणुकीचा माल म्हणून पाहिलं जात होतं. १९४६ मध्ये फ्रेंच समीक्षकांनी त्यांना ‘फिल्म न्वार’ हे नाव दिलं आणि पुढे त्या नावाखाली एक परंपरा ओळखली गेली. मराठीत असं नाव देणारं कुणी अजून पुढे आलेलं नाही.

वाचनालयापासून रंगमंचापर्यंत

गुन्हेकथेची मराठी गोडी आधी पुस्तकांतून आली. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळा पहाड आणि धनंजय फिरत्या वाचनालयांतून आणि एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यांवरून गावोगाव पोहोचले. त्यांच्यामागून गुरुनाथ नाईक आले आणि सुहास शिरवळकर आले. शिरवळकरांचा अमर विश्वास हा वकील होता, फिरोज इराणी आणि दारा बुलंद यांची दुनिया त्याहून वेगळी. हे वाङ्मय शिष्ट समीक्षेनं बाजूला ठेवलं. वाचक मात्र त्यानंच घडवले. सायकलला पिशवी अडकवून पुस्तकं बदलून आणणारा वाचक पुढे दूरदर्शनसमोर बसला, तेव्हा संशयिताकडे कसं पाहायचं याचं शिक्षण त्याला आधीच मिळालेलं होतं.

रंगभूमीवरचा मोठा टप्पा १९६२ चा. आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग त्या वर्षी ८ ऑक्टोबरला दिल्लीत झाला. माधव काझी या भामट्याच्या खऱ्या खटल्यावर ते बेतलेलं होतं. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या वेशांत माणसांना फसवतो, बायकांशी लग्नं करतो आणि कोर्टात उभा राहून सगळं नाकारतो. फिरत्या रंगमंचामुळे कोर्टातून घटनास्थळी आणि पुन्हा कोर्टात असा प्रवास क्षणात होई. इथे गुन्हेगार कोण हे प्रेक्षकाला पहिल्यापासून माहीत आहे. नाटक पकड घेतं ते एकेक साक्षीदार पिंजऱ्यात येतो त्यामुळे. प्रत्येकाच्या तोंडून आपण एक उद्ध्वस्त घर ऐकतो आणि आरोपी ते ऐकूनही डगमगत नाही.

दोन वर्षांनी, १९६४ मध्ये, राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ आला. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कथेवरचा हा चित्रपट. वकील असलेल्या नायकाची पत्नी मेलेली आहे आणि तिच्यासारखीच हुबेहूब दिसणारी बाई दरोडेखोरांची साथीदार म्हणून पकडली जाते. मी तुमचीच पत्नी आहे, असं ती कोर्टात सांगते. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्यातला झगडा हा स्मरणशक्तीचा झगडा आहे. दोघांच्याच संसारातल्या खाजगी गोष्टी भर कोर्टात पुरावा म्हणून मांडाव्या लागतात. या कथेवर १९६६ मध्ये राज खोसलांनी हिंदीत ‘मेरा साया’ केला आणि तो इतका गाजला, की मूळ मराठी चित्रपट त्याच्या मागे झाकला गेला. पुढे चंद्रकांत कुलकर्णींच्या ‘बिनधास्त’चं (१९९९) असंच झालं. जवळजवळ फक्त स्त्री-पात्रं असलेला तो रहस्यपट प्रियदर्शननं तमिळमध्ये ‘स्नेगिथिये’ म्हणून केला आणि मराठीबाहेर तेच नाव अधिक लोकांना ठाऊक आहे.

ऊसपट्ट्यातला तपास

कळसच्या बाजूनं पाहणाऱ्याला या सगळ्यात ‘सामना’ (१९७५) सर्वांत जवळचा वाटतो आणि त्याच्यावर थोडं थांबायला हवं. निर्माते रामदास फुटाणे, दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखक विजय तेंडुलकर. त्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात तो स्पर्धेत होता. त्याचं राजकीय वाचन भरपूर झालं आहे. गुन्हेकथा म्हणून त्याची बांधणी मात्र फारशी तपासली गेलेली नाही.

रात्री एक दारुडा, जुना स्वातंत्र्यसैनिक मास्तर एका गावात उतरतो. गावावर सत्ता हिंदुराव धोंडे पाटलाची, म्हणजे साखरेची आणि तिच्याबरोबर येणाऱ्या सगळ्याची. निळू फुले यांनी हा पाटील आवाज न चढवता उभा केला आहे आणि श्रीराम लागूंचा मास्तर त्याच्याच घरी पाहुणा म्हणून राहतो. फौजेतून परतलेला मारुती कांबळे नावाचा माणूस गावातून नाहीसा झाला आहे. मास्तर त्याच्याविषयी विचारू लागतो. एवढाच तपास. ठसे नाहीत, प्रयोगशाळा नाही, पोलीसही जवळजवळ शेवटापर्यंत बाजूलाच. एक माणूस एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहतो आणि गाव त्याच्याकडे पाठ फिरवत राहतं.

इंग्रजी धाटणीच्या रहस्यकथेत दडवलेली गोष्ट एका माणसाला माहीत असते आणि बाकीचे अंधारात असतात. ‘सामना’त उलटं आहे. जवळजवळ सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. ज्यानं बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात आयुष्य काढलं आहे, त्याला हे न बोलणं समजावून सांगावं लागत नाही. उसाची नोंद, सोसायटीचं कर्ज, पाण्याची पाळी, पोराची नोकरी या सगळ्या वाटा जिथे एकाच दारातून जातात, तिथे तोंड उघडण्याची किंमत काय असते हे माणसाला लहानपणापासून ठाऊक होतं. सहकारानं याच भागाला पक्की घरं, शाळा आणि दूध डेअऱ्या दिल्या हेही तितकंच खरं. चित्रपट ते नाकारत नाही. हिंदुराव स्वतःच्या कामाचा हिशेब अभिमानानं मांडतो आणि त्यात तथ्य आहे हे मास्तरलाही कळतं. म्हणूनच त्याचा प्रश्न जड होतो. इतकं चांगलं उभं करणाऱ्या माणसाला एका माणसाच्या मरणाचा जाब विचारायचा की नाही?

माझ्या मते मराठी गुन्हेनाट्याची स्वतःची अशी जी ओळख आहे, ती इथे सर्वांत स्पष्ट दिसते. कोणी केलं, यापेक्षा कोण बोलणार, हा त्याचा प्रश्न आहे. लखोबाच्या खटल्यात तोच आहे, ‘पाठलाग’मध्ये तोच आहे. राजदत्त यांच्या ‘माफीचा साक्षीदार’मध्ये (१९८६) तर तो नावातच आला आहे. पुण्यातल्या १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर आधारलेल्या त्या चित्रपटात नाना पाटेकर होते. चार आरोपींना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी दिली गेली, त्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. पुण्याजवळच्या गावांत त्या काळी दिवेलागणीला दारं लावून घेतली जात, हे ज्यांनी अनुभवलं त्यांना तो चित्रपट पडद्यावर पाहणं सोपं गेलं नसणार.

‘अर्धसत्य’ (१९८३) हिंदी आहे. पण त्याची कथा श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेतून आली, पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन गोविंद निहलानींचं, नायकाच्या पात्राचं नाव अनंत वेलणकर आणि खलनायकाच्या भूमिकेत सदाशिव अमरापूरकर. इथे साक्षीदार आणि गुन्हेगार एकच माणूस होतो, तोही पोलिसाच्या गणवेशात. तो मराठी परंपरेत धरायचा की हिंदी, यावर मतभेद आहेत. मी धरतो.

दूरदर्शनची संध्याकाळ

दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. गावांपर्यंत चित्र नीट पोहोचायला पुढची दहा-बारा वर्षं गेली. १९८२ च्या आशियाई खेळांनंतर प्रक्षेपण केंद्रं वाढत गेली, तेव्हा ग्रामपंचायतीचा किंवा एखाद्या नोकरदाराच्या घरचा टीव्ही हा सगळ्या आळीचा टीव्ही झाला. केंद्राची पहिली मराठी मालिका म्हणून ‘श्वेतांबरा’चं (१९८३) नाव घेतलं जातं आणि तीही रहस्यमालिकाच होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्यानंतर ‘एक शून्य शून्य’ आली. नाव पोलीस नियंत्रण कक्षाच्या १०० या क्रमांकावरून घेतलेलं, कथानकं पोलिसांच्या खऱ्या प्रकरणांवरून. आता ११२ फिरवणाऱ्या पिढीला ते नाव उलगडून सांगावं लागतं. दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि अभिनेते शिवाजी साटम ही जोडी इथली. याच जोडीनं पुढे १९९८ पासून हिंदीत ‘सीआयडी’ चालवली आणि ती सलग वीस वर्षं चालली. देशभर पाहिल्या गेलेल्या त्या मालिकेचं मूळ वरळीच्या मराठी केंद्रात आहे, हे महाराष्ट्रातही फार जणांना माहीत नाही. रमेश भाटकरांची ‘हॅलो इन्स्पेक्टर’ इतकी लोकप्रिय झाली, की २०१९ मध्ये ते गेले तेव्हाही अनेकांना आठवला तो इन्स्पेक्टरच. नव्वदच्या दशकात ‘दामिनी’मध्ये प्रतीक्षा लोणकर यांनी रंगवलेली पत्रकार आली आणि शोध घेणाऱ्याची जागा प्रथमच रोजच्या रोज एका बाईला मिळाली. ऐंशी-नव्वदच्या दशकांत हिंदीत ‘करमचंद’ (१९८५) आणि बासू चॅटर्जींची ‘ब्योमकेश बक्षी’ (१९९३) होत्या. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं ‘ब्योमकेश बक्षी’ पुन्हा दाखवली आणि नव्या प्रेक्षकांनीही ती पाहिली.

आकर्षण कशाचं : तीन उत्तरं

पहिलं उत्तर आठवणीचं. या भूमिकेनुसार कलाकृतीचा दर्जा गौण आहे, माणसं स्वतःचं बालपण पुन्हा पाहत असतात. आठवड्यातून एकदा येणारा भाग, मध्येच गेलेली वीज, पुढच्या भागापर्यंत शाळेत चाललेले तर्क. हे खोटं नाही. पण त्यानं सगळं उलगडत नाही. ‘पाठलाग’ आज पहिल्यांदा पाहणारी विशी-पंचविशीची मुलंही त्यात गुंततात आणि त्यांच्याकडे त्या काळाची कुठलीच आठवण नसते.

दुसरं उत्तर कारागिरीचं. पैसा कमी, कॅमेरे मोजके, बाहेरचं चित्रण महाग. त्यामुळे लेखकाला संवादांवर आणि नटाला चेहऱ्यावर विसंबावं लागलं. नट बहुतेक रंगभूमीवरून आलेले, त्यांना थांबणं ठाऊक होतं. या मताचे लोक सांगतात, की हिंसा पडद्याबाहेर ठेवल्यामुळे ती अधिक जाणवते. अजय फणसेकरांच्या ‘रात्र आरंभ’मध्ये (१९९९) दिलीप प्रभावळकरांनी मनाच्या दुभंगाचं जे काम केलं आहे, ते याचं उत्तम उदाहरण मानता येईल. विरोधी बाजूचं म्हणणं असं, की गरिबीला शैली म्हणू नये. मालिकांतले कितीतरी भाग सपाट प्रकाशातले आहेत, संवाद माहितीपत्रकासारखे आहेत आणि पार्श्वसंगीत संशयिताकडे बोट दाखवत फिरतं. दोन्ही बाजूंकडे दाखवायला उदाहरणं आहेत. चित्रपटांच्या बाबतीत पहिलं म्हणणं बव्हंशी टिकतं, मालिकांच्या बाबतीत दुसरं.

तिसरं उत्तर समाजाच्या नोंदीचं. गुन्ह्याची गोष्ट सांगताना पैसा कुठून येतो, दार कुणासाठी उघडतं, पोलीस ठाण्यात कुणाला खुर्ची मिळते हे दाखवावंच लागतं. म्हणून कौटुंबिक चित्रपटांपेक्षा या कलाकृतींत तो काळ अधिक नेमका उतरला, असं हे मत. चाळी, गिरण्यांची मुंबई, वायरलेसवरचे निरोप, ट्रंक कॉल, ऊस वाहणाऱ्या बैलगाड्या. मला या उत्तरात सर्वांत जास्त बळ दिसतं. पण त्यालाही मर्यादा आहे. नोंद म्हणून मोलाची असलेली गोष्ट पाहायला चांगली असतेच असं नाही आणि गावातला माणूस रात्री जेवल्यावर नोंदी पाहायला बसत नाही.

आक्षेप

या कौतुकावर घेतले जाणारे आक्षेप गंभीर आहेत. पोलीसमालिका पोलिसांच्या सहकार्यानं आणि पोलिसांच्या नजरेतून झाल्या. प्रत्येक भागाच्या शेवटी गुन्हेगार सापडतो, दोन चापट्यांत कबुली देतो आणि खटला, जामीन, निर्दोष सुटका यांचा पत्ताच नसतो. ‘अर्धसत्य’सारखा अपवाद सोडला, तर कोठडीतली मारहाण हा तपासाचा साधा भाग म्हणून दाखवली गेली.

दुसरा आक्षेप बायकांविषयीचा. बहुतेक कथांत बाई एकतर प्रेत आहे, नाहीतर मोहात पाडणारी आहे, नाहीतर रडणारी विधवा. लखोबाच्या खटल्यात साक्ष देणाऱ्या बायका बोलतात, पण लोकांच्या तोंडी राहिला तो आरोपी. ‘पाठलाग’, ‘दामिनी’ आणि ‘बिनधास्त’ वेगळ्या उठून दिसतात त्या या पार्श्वभूमीवर.

तिसरा, जातीविषयीचा. मारुती कांबळे या आडनावातून प्रेक्षक जे ओळखतो, त्यावर चित्रपट किती बोलतो आणि किती सूचित करून सोडून देतो, याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. काहींच्या मते ते सूचनच परिणामकारक आहे. काहींच्या मते ज्याचा खून झाला त्याची बाजू शेवटपर्यंत त्याच्या माणसांच्या तोंडून येतच नाही, ती मास्तरच्या तोंडून येते. दुसऱ्या मताला माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही.

आणि एक आक्षेप गावाच्या बाजूनं. ग्रामीण महाराष्ट्र या कथांत येतो तो पाटलाचा वाडा म्हणून, नाहीतर मुंबईत चुकलेल्या भोळ्या माणसाचं मूळ गाव म्हणून. बाजार समितीतली फसवणूक, बांधावरची भांडणं, मुकादमाच्या उचलीत अडकलेलं कुटुंब, सावकारी, भिशी बुडवून पळालेला माणूस हे तालुक्याच्या कोर्टात रोज दिसणारे विषय जुन्या पडद्यावर फार थोडे आले. अलीकडच्या ‘देवमाणूस’नं (२०२०) सातारा भागातल्या खऱ्या प्रकरणाचा धागा घेऊन गावातला गुन्हा रोजच्या मालिकेत आणला, पण तो रोजच्या भागांच्या गरजेनुसार ताणला गेला.

काय सुटलेलं नाही

सगळ्यांत आधी, उरलंय काय हेच नीट मोजलेलं नाही. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात चित्रफिती महाग होत्या आणि जुन्या कार्यक्रमांवर नवे कार्यक्रम ध्वनिचित्रित केले जात. त्यामुळे अनेक मालिकांचे सलग भाग आज मिळत नाहीत. जे पाहायला मिळतं त्यातलं बरंच कुणीतरी घरी टीव्हीवरून व्हिडिओ कॅसेटवर उतरवून घेतलेलं आहे. अशा अर्धवट साठ्यावरून एखाद्या मालिकेला थोर किंवा सुमार ठरवणं धोक्याचं आहे. चांगले भाग जपले गेले म्हणून ती चांगली वाटते, असंही असू शकतं.

दुसरा प्रश्न हक्कांचा. निर्माते गेले, संस्था बंद पडल्या, वारस विखुरले. कुणाची परवानगी घ्यायची हेच कळत नसेल, तर चित्रपट स्वच्छ करून पुन्हा दाखवायला कुणी पैसा घालत नाही. तिसरा प्रश्न खऱ्या प्रकरणांचा. जोशी-अभ्यंकर प्रकरणासारख्या घटनांत गेलेल्या माणसांचे नातेवाईक हयात असताना ती पुन्हा करमणूक म्हणून समोर आणावी का, यावर मराठीत अजून मोकळी चर्चा झालेली नाही. जुना चित्रपट दाखवणं आणि त्याच प्रकरणावर नवी मालिका करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं तरी मान्य व्हायला हरकत नसावी.

आणि तंबूतल्या सिनेमाचा इतिहास तर जवळजवळ लिहिलाच गेलेला नाही. कोणत्या जत्रेत कोणता चित्रपट किती रात्री चालला, ‘पाठलाग’ला गर्दी जास्त होती की तमाशापटाला, शेवट माहीत असूनही माणसं दुसऱ्या रात्री का येत, याची उत्तरं कुठल्याही संग्रहालयात नाहीत. ती फिरत्या टॉकीजवाल्यांच्या वह्यांत, हस्तपत्रिकांत आणि सत्तरीपुढच्या माणसांच्या बोलण्यात आहेत. समीक्षक शहरातल्या थिएटरांवरून निष्कर्ष काढत आले, कारण नोंदी तिथल्याच होत्या.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये, म्हणजे ‘पाठलाग’च्याच वर्षी स्थापन झालं आणि ते पुण्यात, आपल्याच जिल्ह्यात आहे. कळस, रुई, वालचंदनगर, भिगवण या भागात कुणाच्या माळ्यावर जुन्या मराठी मालिकांच्या कॅसेट, तंबू टॉकीजच्या हस्तपत्रिका किंवा हिशेबाच्या वह्या असतील, तर रद्दीत घालण्याआधी त्यांनी या संग्रहालयाशी किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाशी बोलावं. ते होईपर्यंत घरातल्या वडीलधाऱ्यांनी काय पाहिलं आणि कुठे पाहिलं, एवढं तरी कुणीतरी लिहून काढावं.